शपथेतील दोन वचने

नर्सिंग महाविद्यालयांत दरवर्षी एक सोहळा होतो. गणवेशातील विद्यार्थिनी, आणि आता विद्यार्थीही, हाती ज्योत घेऊन ओळीने उभे राहतात आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने ओळखली जाणारी शपथ घेतात. ही शपथ नाइटिंगेल यांनी लिहिलेली नाही. १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने ती तयार केली. तिच्या मूळ मसुद्यात दोन वचने शेजारी शेजारी आहेत. एक वचन ईश्वराला साक्षी ठेवून शुद्ध आचरणाचे आणि रुग्णहिताचे आहे. दुसरे डॉक्टरांच्या कामात निष्ठेने साह्य करण्याचे आहे. डॉक्टरांचा हेतू रुग्ण बरा करणे एवढाच असतो तोवर या दोन वचनांत अंतर पडत नाही. परंतु डॉक्टर जेव्हा संशोधकही होतो आणि समोरचा रुग्ण त्याच्या अभ्यासाचा विषय बनतो, तेव्हा ही वचने एकमेकांपासून दूर जाऊ शकतात. अशा वेळी परिचारिकेने कोणते वचन पाळावे, याचे उत्तर त्या सोहळ्यात दिले जात नाही.

हा प्रश्न आता केवळ मोठ्या रुग्णालयांपुरता राहिलेला नाही. नर्सिंगच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय आहे. शेवटच्या टप्प्यात विद्यार्थिनींना गटाने एक प्रकल्प करावा लागतो, तर पदव्युत्तर शिक्षणात प्रबंध लिहावा लागतो. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी प्रश्नावली घेऊन कक्षात फिरते, बाळंतिणीला तिच्या खासगी आयुष्याविषयी विचारते, कागदावर तिची सही किंवा अंगठा घेते. पुढे नोकरीत तीच मुलगी औषधचाचणीतील रुग्णांचे रक्त घेईल, त्यांना पुढच्या तारखेला बोलावून आणील. संशोधनाचा आराखडा कोणीही केलेला असो, रुग्णाला दिसणारा त्याचा चेहरा परिचारिकेचाच असतो. म्हणूनच परिचारिका होऊ पाहणाऱ्यांची धर्मश्रद्धा आणि संशोधनातील नीतीविषयी त्यांची जाण यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्या घरातील कन्या या शिक्षणाकडे वळत असताना त्याचा विचार आपणही केला पाहिजे.

याविषयी दोन मते ऐकू येतात. पहिले मत आपल्यासारख्या श्रद्धावान कुटुंबांत अधिक आढळते. ज्या मुलीवर चांगले संस्कार झाले आहेत, जी देवाला भिते, ती रुग्णाचे अहित करणारच नाही, मग तिला नियमांचे पाठ कशाला द्यावयाचे, असे हे मत. दुसरे मत स्वतःला आधुनिक म्हणवणाऱ्यांचे आहे. श्रद्धा ही खासगी बाब असून प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात तिची अडचणच होते, तेथे समिती, नियम आणि सही केलेले कागद पुरेसे आहेत, असे त्यांना वाटते. दोन्ही मते अपुरी आहेत. ती अपुरी का आहेत, हे दाखवणाऱ्या दोन घटना आपल्यासमोर आहेत. त्यांपैकी एक परदेशातील आहे, दुसरी आपल्याच देशातील.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात, टस्कीगी गावाच्या परिसरात, १९३२ मध्ये तेथील सरकारी आरोग्यसेवेने एक अभ्यास सुरू केला. सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुष त्यासाठी निवडण्यात आले. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश हा रोग होता. उपचार न केल्यास हा रोग शरीराची कशी हानी करतो, ते पाहत राहणे एवढेच अभ्यासाचे प्रयोजन होते. रुग्णांना मात्र त्यांच्या ‘बिघडलेल्या रक्ता’वर उपचार चालू आहेत असे सांगितले गेले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हे प्रभावी औषध उपलब्ध झाले, तरी ते त्यांना देण्यात आले नाही. १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी हे प्रकरण उजेडात आणेपर्यंत, म्हणजे तब्बल ४० वर्षे, हा अभ्यास चालला.

या ४० वर्षांत डॉक्टर येत-जात राहिले. कायम राहिली ती एक परिचारिका. युनिस रिव्हर्स हे तिचे नाव. ती स्वतः कृष्णवर्णीय होती, त्याच परिसरात शिकलेली होती. ती रुग्णांना स्वतःच्या गाडीतून तपासणीला नेत असे, त्यांच्या घरची विचारपूस करीत असे, सुखदुःखात सहभागी होत असे. मृत्यूनंतर शवविच्छेदनाला कुटुंबाने होकार द्यावा म्हणून अंत्यविधीच्या खर्चाचे साह्य दिले जाई. कुटुंबाशी ते बोलणेही तीच करीत असे. लोकांना गोळा करण्यासाठी गावातील शाळा आणि चर्च यांचाही उपयोग झाला. रिव्हर्स क्रूर नव्हती. तिच्या प्रेमळपणाविषयी शंका घेण्याचे कारण दिसत नाही. डॉक्टरांच्या आज्ञेत राहणे हाच परिचारिकेचा धर्म, अशी तिच्या काळाची शिकवण होती आणि ती तिने मनोभावे पाळली. तिच्या प्रेमळपणामुळेच ती माणसे त्या अभ्यासात टिकून राहिली, ही यातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. शपथेतील दुसऱ्या वचनाने पहिले वचन गिळून टाकले.

सज्जनपणा पुरेसा आहे असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा. सज्जन माणसाला प्रश्न विचारण्याची सवय नसेल, तर त्याचा सज्जनपणा दुसऱ्याच्या हातातील साधन बनतो. समोरची व्यक्ती आपल्यावर विश्वास ठेवते, तो विश्वास नेमका कशासाठी वापरला जात आहे, हे पाहण्याची जबाबदारी सेवा करणाऱ्याची असते. ती जबाबदारी डॉक्टरांवर टाकून मोकळे होता येत नाही.

आता दुसरी घटना. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील, म्हणजे आजच्या तेलंगणातील, खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा येथे १० ते १४ वर्षे वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. अमेरिकेतील ‘पाथ’ ही संस्था, भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राज्य सरकारे त्यात सहभागी होती. खम्मममधील अनेक मुली वनवासी कुटुंबांतील होत्या आणि शासकीय वसतिगृहांत राहत होत्या. पुढे सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प स्थगित झाला. चौकशीत या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ही लस जगभर उपयुक्त ठरली आहे आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या स्वदेशी लसीला २०२२ मध्ये मान्यताही मिळाली आहे. दोष लसीचा नव्हता.

दोष संमतीच्या पद्धतीत होता. अनेक संमतीपत्रांवर आई-वडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी किंवा मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मधील अहवालात या प्रकारावर कठोर ताशेरे ओढले. येथे कागद होते, सह्या होत्या, समित्याही होत्या. डोंगरातल्या वस्तीवर जाऊन त्या मुलीच्या आईशी तिच्या भाषेत बोलावे, एवढी निकड मात्र संबंधितांपैकी पुरेशा लोकांना वाटली नाही. सही ज्याची सोयीची, त्याची घेतली गेली. कागद पुरेसा आहे असे मानणाऱ्यांना खम्मम हे उत्तर आहे.

असे प्रकार परकीय संस्थांमुळेच घडतात, असा समज करून घेणेही सोयीचे असले तरी खरे नाही. १९७६ ते १९८८ या काळात दिल्लीत, आपल्याच वैद्यक संशोधन परिषदेच्या संस्थेने, गर्भाशयमुखात कर्करोगपूर्व बदल आढळलेल्या एक हजाराहून अधिक स्त्रियांना लेखी संमती न घेता निरीक्षणाखाली ठेवले होते. काहींचा आजार पुढे कर्करोगापर्यंत गेला. १९९७ मध्ये हे प्रकरण जाहीर झाले आणि देशभर वाद झाला. त्यानंतर २००० मध्ये परिषदेने मानवी संशोधनासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००६ आणि २०१७ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. औषधचाचण्यांसाठी २०१९ चे नवे नियम आले. नियम घडले ते अशा अनुभवांतून, आणि त्यांची किंमत आपल्याच आया-बहिणींनी मोजली आहे. म्हणून नियमांना कटकट म्हणणे हा त्या स्त्रियांचा अवमान होईल.

मग श्रद्धेचे काम कोणते? ते समजून घेण्यासाठी उपचार आणि संशोधन यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधी द्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाला तेथे चौघांत बरोबरीचे स्थान आहे. सेवेचे ज्ञान, कौशल्य, रोग्याविषयी आत्मीयता आणि शुचिता हे त्याचे गुण मानले आहेत. रोग्याच्या गुणांत वैद्याने सांगितलेले ऐकणे आहे, तसेच आपली व्यथा नीट सांगता येणेही आहे. येथे रोगी वैद्याचे ऐकतो ते स्वतः बरे होण्यासाठी. संशोधनाचे तसे नसते. संशोधनात सहभागी होणारा रुग्ण आपला देह, आपला वेळ आणि आपली माहिती पुढील अनोळखी रुग्णांच्या हितासाठी देत असतो. त्याला स्वतःला लाभ होईलच असे नाही, कदाचित त्रासही होईल. हे एक प्रकारचे दान आहे. दान देणाऱ्याला आपण दान देत आहोत हे ठाऊकच नसेल, तर त्याला दान म्हणता येत नाही. आपल्या परंपरेत नकळत काढून घेतलेल्या वस्तूला वेगळाच शब्द आहे.

गावाकडून आलेला रुग्ण गणवेश पाहिला की हात जोडतो. ‘सिस्टर, तुम्ही सांगाल तसं’ असे म्हणून तो सही करतो. त्याचा तो होकार उपचाराला असतो, संशोधनाला नसतो. हा फरक त्याला सांगणारी जवळची व्यक्ती म्हणजे परिचारिका. स्वामी विवेकानंदांनी दरिद्री माणसात नारायण पाहण्यास शिकविले. भगिनी निवेदितांनी १८९९ च्या प्लेगमध्ये कोलकात्याच्या गल्ल्या स्वच्छ केल्या. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. समोरचा माणूस नारायण आहे असे जिला खरोखर वाटते, ती त्याची फसवून घेतलेली सही स्वीकारू शकत नाही. श्रद्धेचे काम हे आहे. नियम कागद मागतो, आणि तो कागद पोकळ राहू नये याची काळजी अंतःकरण घेते.

याचा अर्थ संशोधनाकडे संशयाने पाहावे असा मुळीच नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात राहून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील तयारी दर्शविलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांचे नाव धारण करून उभी आहे. प्रथम स्वतःवर प्रयोग करण्याच्या त्यांच्या धैर्यापुढे आपण नतमस्तक व्हावे. त्याच वेळी तुरुंगातील माणसाची ‘तयारी’ कितपत मुक्त असते, हा प्रश्नही आजची नीती विचारते आणि तो योग्यच आहे. आजच्या नियमांनी कैद्यांना विशेष संरक्षण दिले आहे ते यामुळेच. संशोधन हीदेखील सेवाच आहे. परंतु सेवेत ज्याचा देह कामी येतो, त्याचा मान सर्वांत मोठा मानला पाहिजे.

आता काही गोष्टी आपल्या आपणच मान्य करावयास हव्यात. परिचारिकेचे काम आपल्या समाजाने दीर्घकाळ ओवळे मानले. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले आणि स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविले, तेव्हा त्यांना घराघरांतील नाराजीला तोंड द्यावे लागले. ख्रिस्ती मिशनच्या रुग्णालयांनी आणि केरळमधून देशभर गेलेल्या परिचारिकांनी ही उणीव भरून काढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरा दोष आज्ञाधारकपणाच्या अतिरेकाचा. मोठ्यांसमोर बोलू नये, हे आपण मुलींना शिकवितो आणि त्यालाच संस्कार म्हणतो. अशी मुलगी वरिष्ठांना ‘या आजींना अर्ज समजलेला नाही, मी सही घेणार नाही’ असे कसे म्हणेल? तिसरा दोष प्रारब्धाच्या नावाखाली दुसऱ्याचे दुःख स्वीकारण्याचा. आपले भोग धैर्याने सोसण्यासाठी कर्मसिद्धान्त आधार देतो. दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाचे समर्थन करण्यासाठी त्याचा वापर करणे हा धर्म नव्हे.

श्रद्धेचा आणखी एक पैलू आहे, तो रुग्णाच्या श्रद्धेचा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वापरले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यांपासून काढतात. अनेक कॅप्सूलचे आवरण जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेल्या जिलेटिनचे असते. चाचणीतील औषधात असे काही असेल तर माळकरी वारकऱ्याला, जैन आजीला किंवा मुस्लिम रुग्णाला ते आधी कळले पाहिजे. एकादशीचा उपवास आणि रमजानचा रोजा यांत रक्ततपासणीच्या वेळा आड येत असतील, तर तेही आधी सांगितले पाहिजे. ही माहिती देणे म्हणजे कोणाचे लाड नव्हेत, तर तो संमतीचाच भाग आहे. परिचारिकेची श्रद्धा वेगळी असली तरी तिने रुग्णाच्या श्रद्धेला तेवढाच मान द्यावा. एखाद्या संशोधनात भाग घेणे तिच्या स्वतःच्या श्रद्धेला पटत नसेल, तर तिने ते आरंभीच उघडपणे सांगून बाजूला व्हावे. रुग्णाच्या कानाशी लागून आपले मत त्याच्या गळी उतरवू नये.

आपल्या नियमांनीही श्रद्धेला बाहेर ठेवलेले नाही. औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार नीती समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री असणे आवश्यक आहे. समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ किंवा धर्मशास्त्राचा जाणकार यांच्यासाठीही एक जागा आहे. ही जागा नाममात्र भरली जाऊ नये, हे पाहणे आपल्यासारख्या सामाजिक कार्यकर्त्यांचे काम आहे. ज्या गावात, ज्या शहरात असे रुग्णालय आहे, तेथील सुबुद्ध नागरिकांनी सामान्य सदस्य म्हणून जाण्याची तयारी ठेवावी. तेथे गेल्यावर संमतीपत्र शुद्ध, सोप्या मराठीत आहे काय, ते निरक्षर माणसाला वाचून दाखविले जाते काय, नकार देणाऱ्याच्या उपचारांत खंड पडत नाही ना, हे प्रश्न निर्भीडपणे विचारावेत. त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही.

महाविद्यालयांकडूनही काही अपेक्षा आहेत. संशोधननीती हा परीक्षेपुरता पाठ करण्याचा धडा राहू नये. टस्कीगीची परिचारिका आणि खम्ममचे वसतिगृह यांची चर्चा वर्गात व्हावी. अयोग्य वाटलेल्या कामास नम्रपणे नकार देणाऱ्या विद्यार्थिनीचे गुण कापले जाणार नाहीत, हे लेखी सांगितले जावे. विद्यार्थिनींवरही प्रश्नावल्यांचे अभ्यास होतात, कधी त्यांच्याच शिक्षकांकडून, कधी त्यांच्या श्रद्धेविषयी. वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी विद्यार्थ्यांनाही दबावाखाली येऊ शकणाऱ्या गटांत धरले आहे. जिला स्वतःला ‘नाही’ म्हणता येत नाही, ती रुग्णाचा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कसा जपणार? जे रुग्णाला द्यावयाचे, ते आधी तिला मिळाले पाहिजे.

शेवटी प्रश्न घरापाशी येतो. आपल्या परिचयातील कितीतरी मुली आज या क्षेत्रात आहेत, कोणी जिल्हा रुग्णालयात, कोणी परदेशात. त्या पहाटे देवाला नमस्कार करून कामावर जातात, याचा आपल्याला आनंद आहे. त्या संध्याकाळी घरी आल्या म्हणजे ‘आज कुणाची सही घेतलीस, त्याला सगळं समजलं होतं ना?’ असेही आपण विचारू या. आणि एखाद्या दिवशी ती म्हणाली की आज मी वरिष्ठांना नकार दिला, तर तिला उद्धट न म्हणता तिच्या पाठीशी उभे राहू या. ईश्वराला साक्षी ठेवून दिलेले वचन मोठे की वरिष्ठांना दिलेले, याचा निर्णय तिला एकटीला घ्यावा लागू नये.